आम्ही बाहेर पडलो

माझा भाऊ अमेरिकेत राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तो त्या जानेवारीच्या शेवटी तीन आठवड्यांसाठी सांगलीला आला, आणि परत गेला तेव्हा आमचं बोलणं बंद झालेलं होतं. आमच्यात जमिनीचा वाद नाही. घराचा नाही. त्याच्या बायकोचं आणि माझं काही बिनसलेलं नाही. भांडण झालं ते त्याच्या देशानं हवामानाच्या करारातून अंग काढून घेतलं यावरून. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. सुरुवातीला सांगताना मलाही हसू यायचं. आता येत नाही.

मी सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. वडील कोयना धरणावर नोकरीला होते. आम्ही दोघं कोयनानगरच्या वसाहतीत वाढलो. तिथं भूकंपाचे धक्के बसायचेच. मांडणीवरची भांडी वाजली की आई मला ओरडायची, “त्याला घे!” आणि मी भावाला काखोटीला मारून अंगणात पळायची. मी आठ वर्षांची, तो दोन वर्षांचा. त्याचे पाय माझ्या गुडघ्यांवर आपटायचे. त्याला मी वाढवलं असं म्हटलं तर आई रागावते, पण उचललं मीच.

तो आल्यानंतरच्या चौथ्या दिवशीची गोष्ट. आईचं ऑपरेशन आदल्या दिवशी नीट पार पडलं होतं. काळा चष्मा लावून ती खुर्चीत बसली होती. मी पोहे केले होते. भाऊ पेपर वाचत होता. पहिल्या पानावर बातमी होती, अमेरिका करारातून पुन्हा बाहेर.

या कराराची गोष्ट वर्गात मी मुलांना सांगते ती अशी. जगातले जवळजवळ सगळे देश एकत्र बसले आणि म्हणाले, आपण धूर कमी करू. किती, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ज्याचं त्यानं जाहीर करायचं. आणि नाही जमलं तर शिक्षा काही नाही, फक्त चारचौघांत सांगायचं की जमलं नाही. एवढाच तो करार. इतका मऊ, की त्यातून बाहेर पडायचं कारणच पडू नये. तरी अमेरिका एकदा बाहेर पडली, मग परत आली, आणि आता दुसऱ्यांदा बाहेर.

भावानं पेपरची घडी घातली आणि म्हणाला, “आम्ही बाहेर पडलो ते बरंच झालं.”

मी चहा गाळत होते. “आम्ही म्हणजे कोण रे?”

“म्हणजे अमेरिका.”

“मग अमेरिका म्हण.”

“ताई, मी तिथला नागरिक आहे. आम्हीच म्हणणार ना.”

मराठीत दोन शब्द आहेत. आपण म्हटलं की समोरचा माणूस त्यात येतो. आम्ही म्हटलं की तो बाहेर राहतो. तिसरीतल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचे पोहे खाताना, त्यानं मला एका शब्दात दाराबाहेर उभं केलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. राग आला तो तिथं. करार नंतर.

“का बरं झालं?” मी विचारलं.

त्यानं हाताची बोटं मोडत कारणं सांगितली. त्याची ही सवय वडिलांची. करार ऐच्छिक आहे, तेव्हा पाळला काय आणि सोडला काय, कुणी विचारत नाही. बाकीचे देश सह्या करतात आणि कोळसा जाळतात. मग एकट्या अमेरिकेनंच का हात बांधून घ्यायचे? तो टेक्सासमध्ये गॅसच्या पाइपलाइनींचं काम करतो. त्याच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांची घरं आहेत. ती काय वाऱ्यावर सोडायची?

“आणि इथली घरं?” मी म्हणाले.

“इथली कुठली?”

“हे घर. ज्यात तू बसलायस.”

त्यानं भिंतीकडे पाहिलं. आमच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर एक तपकिरी रेघ आहे. दोनदा रंग दिला तरी ती वर येते. मोठ्या पुरात कृष्णेचं पाणी तिथपर्यंत आलं होतं.

“ताई, तू भूगोल शिकवतेस,” तो म्हणाला. “सांगलीला पूर का येतो ते तुला माहीत आहे. नदीच्या पात्रात लोकांनी घरं बांधली. ओढे बुजवले. धरणातून पाणी कधी सोडायचं याचा मेळ नाही. वर कोयना, खाली अलमट्टी, मधे आपण. यात माझ्या गाडीच्या धुराचा काय संबंध?”

इथं मात्र त्यानं आपण म्हटलं. पुराच्या पाण्यात बुडायचं तेव्हा आपण.

त्याचं सगळंच खोटं होतं असं नाही. म्हणूनच जास्त चीड आली. ओढे बुजवले, हे खरंच आहे. आमच्या गल्लीच्या टोकाचा ओढा माझ्या डोळ्यांदेखत बुजला आणि त्यावर मंगल कार्यालय उभं राहिलं, तेव्हा मी एक अर्ज केला आणि गप्प बसले. पण पूर्वी चार महिन्यांत पडायचा तेवढा पाऊस आता आठवड्यात कोसळतो, त्याला काय आमच्या गल्लीतलं मंगल कार्यालय जबाबदार आहे? मी हे म्हणाले. तो म्हणाला, “पुरावा?” मी म्हणाले, “आण्णांच्या वह्या.”

आण्णा म्हणजे आमचे वडील. वसाहतीत रोज सकाळी आठ वाजता ते पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचे. ते काम सरकारी रजिस्टरसाठी, पण घरी येऊन ते तोच आकडा स्वतःच्या वहीतही लिहायचे. निवृत्तीपर्यंत एक दिवस चुकला नाही. त्यांना ताप असला की मी जायची मोजायला. त्या सगळ्या वह्या माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत होत्या.

“कुठं आहेत?” भाऊ म्हणाला. “दाखव.”

त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं त्याला कधी. मोठ्या पुरात आम्ही आईला खिडकीतून होडीत उतरवलं, तेव्हा ती पेटी माळ्यावर चढवायची राहून गेली. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढली, तर आत कागदाचा लगदा होता. निळ्या शाईनं रंगलेला. मी तो घमेल्यात भरून बाहेर नेला आणि इतर सगळ्या गल्लीच्या गाद्या, धान्य, फोटो जिथं पडले होते तिथं टाकला. महानगरपालिकेची गाडी आली आणि घेऊन गेली.

मी हे सांगितल्यावर त्यानं पेपर बाजूला सारला. मग म्हणाला, “सॉरी.” मला वाटलं आता तो थांबेल. पण तो हळूच म्हणाला, “तरी तो पुरावा होत नाही गं.”

आई काळ्या चष्म्याआडून म्हणाली, “पवं गार झालं. खावा आदी.”

आता माझी चूक सांगते. त्या वर्षीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय मीच ठरवला होता. बातमी ताजी होती म्हणून फळ्यावर लिहिला: ऐच्छिक करारातून बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येक देशाला असलाच पाहिजे. अनुकूल आणि प्रतिकूल. आमच्या प्राचार्यांना कुठूनतरी कळलं की माझा भाऊ अमेरिकेतून आलाय. त्यांनी मला बोलावून घेतलं. “मॅडम, प्रत्यक्ष तिकडचा माणूस घरात असताना आपण पाहुणा शोधत फिरायचं? त्यांनाच अध्यक्ष करू. परीक्षकही तेच.”

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. एवढं सगळं बोलणं होऊनही, माझा भाऊ व्यासपीठावर बसणार, मुलं त्याला बघणार, याचं सुख मला झालं. भावाला सांगितलं तर तो खूश झाला. इस्त्री केलेला शर्ट दोनदा बदलला.

स्पर्धा सभागृहात होती. सभागृहाच्या दारात आमच्या कॉलेजची हरित शपथ लावलेली आहे, चकचकीत पाटीवर. संस्थेनं दरवर्षी झाडं लावायची आणि जगवायची असं तिच्यावर लिहिलंय. तीही ऐच्छिकच. त्या पाटीच्या बाजूला रिकामे पिंजरे एका ओळीत उभे असतात, झाड नसलेले. रोज त्यांच्यावरून जाताना मी काही बोलत नाही. त्या दिवशीही बोलले नाही.

मुलं चांगली बोलली. अनुकूल बाजूला विज्ञान शाखेचा एक मुलगा होता, त्यानं कायद्याच्या भाषेत मांडणी केली. प्रतिकूल बाजूला माझ्या वर्गातली एक मुलगी. तासगावकडची, घरची द्राक्षबाग. तिनं तयारी माझ्याकडे केली होती, पण व्यासपीठावर गेल्यावर माझे मुद्दे बाजूला ठेवले आणि तिच्या मनानं बोलायला लागली. म्हणाली, “आमच्याकडं शेजाऱ्यानं बागेवर औषध मारलं न्हाई, तर रोग त्येच्या बांधावर थांबत न्हाई. त्येला हक्क हाय का मारायचा न मारायचा? हाय. पर त्येच्या हक्काची किंमत माझ्या बानं का द्यायची?” घाबरली की तिची भाषा गावाकडची होते. एरवी मी ती सुधारते. त्या दिवशी पाठीमागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायला लागली, कौतुकानं, आणि मी मनात म्हटलं, सुधारायची गरज नाही.

मग अध्यक्षीय भाषण. भाऊ उठला. त्याचं मराठी अजून चांगलं आहे. त्यानं आधी सांगलीची भडंग किती आठवते ते सांगितलं. मुलं हसली. मग तो म्हणाला, “अमेरिका करारातून बाहेर पडली म्हणजे काय झालं, ते मी सोपं करून सांगतो. तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. त्यातून एक जण लेफ्ट होतो. ग्रुप बंद पडतो का? नाही. सोसायटी पडते का? नाही. दोन दिवस लोक कुजबुजतात, तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगचे फोटो पुन्हा सुरू.”

सभागृह हशानं भरून गेलं. प्राचार्य तर डोळे पुसत होते. माझ्या शेजारची इंग्रजीची प्राध्यापिका मला कोपरानं ढोसून म्हणाली, “काय छान बोलतो हो तुमचा भाऊ.”

मला त्या हसणाऱ्या मुलांतली अर्धी तरी माहीत होती. कुणाचं घर नदीकाठच्या वस्तीत आहे, कुणाच्या वडिलांचं दुकान पाण्याखाली होतं, कोण दोन महिने कुणाकुणाच्या जुन्या वह्या घेऊन शाळेत जात होतं. तीच मुलं हसत होती. त्यांचा दोष नाही, विनोद खरोखरच चांगला होता. पण मी उठून उभी राहिले. अध्यक्षांच्या भाषणात मधे उठायचं नसतं. मीच मुलांना शिकवलेलं आहे.

“एक मिनिट,” मी म्हणाले. माईक नव्हता, पण वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज तयार झालाय. “ग्रुप सोडणारा माणूस वरच्या मजल्यावर राहत असेल तर? त्याच्या मोरीचं पाणी खालच्याच्या घरात गळत असेल तर? तो ग्रुप सोडून म्हणाला, आता मला विचारू नका, तर? तेव्हाही गुड मॉर्निंग?”

भाऊ हसला. त्याला वाटलं मी स्पर्धेचा भाग म्हणून बोलतेय. “मॅडमचा मुद्दा—” तो म्हणाला.

“मॅडम म्हणू नकोस मला. आपल्या वडिलांनी कोयनेला आयुष्य घातलं. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजवायचे तिथं. का वाजवायचे? खालची गावं काही धरणाची मालक नव्हती. वर बसलेल्यानं खालच्याला सांगायचं असतं, एवढंच. तुझ्या देशानं भोंगा वाजवायचं बंद केलंय, आणि तू इथं येऊन पोरांना हसवतोयस.”

इथं थांबले असते तर निभलं असतं. पण राग एकदा तोंडाला लागला की थांबत नाही. मी पुढं म्हणाले, “आईला मी खिडकीतून होडीत उतरवत होते तेव्हा तू कुठं होतास? फोनवर व्हिडिओ बघत होतास. बघून झाल्यावर कामावर गेलास.”

हे मी दोनशे मुलांसमोर बोलले. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते मी पाहिलं. कुणीतरी मागं खुर्ची सरकवली. प्राचार्य माझ्याकडे हात करून बसा, बसा म्हणत होते, जणू मी कुणी रस्त्यावरची बाई आत शिरलेय.

भावानं माईक जवळ ओढला. मग त्यानं खिशातून गुणांचा कागद काढला आणि निकाल वाचला. प्रथम क्रमांक माझ्या वर्गातल्या मुलीला. प्रतिकूल बाजू. कागद मी नंतर पाहिला. सही, वेळ, सगळं आधीचं होतं. मी उठण्याच्या आधीच त्यानं तिला पहिलं ठरवलेलं होतं.

“ती जास्त चांगली बोलली,” तो माईकवर म्हणाला. “म्हणून ती बरोबर आहे असं नाही. पण जास्त चांगली बोलली.” आणि खाली बसला.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी मला जिन्याजवळ गाठायला आली. मला वाटलं पाया पडेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते आनंदाचं नव्हतं.

“मॅडम, तुमी मधी बोलाय नको हुतं.”

“का गं?”

“आता सगळी म्हणायल्यात, मॅडमनं भांडून मिळवून दिलं. सरांनी घाबरून दिलं. मी बोलल्यालं कुणाच्याच ध्यानात न्हाई. तुमचंच ध्यानात हाय.”

मी तिला सांगायला लागले की कागद आधीचा होता. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय. पर कुणाकुणाला सांगू?” आणि निघून गेली. बक्षिसाची ढाल तिनं ओढणीखाली झाकून नेली. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर तो माझा.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. दार उघडून आत गेलो आणि मग फुटलो. आई पलंगावर होती, मी तिच्या डोळ्यांत थेंब घालता घालता भांडत होते. तिचं तोंड वर, माझा हात तिच्या पापणीवर, आणि मी मान वळवून त्याच्यावर ओरडतेय.

“मी कामावर गेलो,” तो म्हणाला, “कारण मला दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. बारा हजार किलोमीटरवरून मी काय पाणी उपसायला येणार होतो?”

“मग तिथून विनोद तरी करू नकोस.”

“विनोद इथं केला.”

“तेच तर!”

तो खुर्चीत बसला. मग जे म्हणाला ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. “ताई, वीस वर्षं झाली तिथं. अजून शेजारी विचारतात, तू मूळचा कुठला. इथं आलो तर रिक्षावाला विचारतो, साहेब कुठून आलात. मला एक जागा नको का, जिथं आम्ही म्हणता येईल? तिथं नाही म्हणायचं तर कुठं म्हणू?”

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. गोष्टीत असतं तर विरघळले असते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी म्हणाले, “म्हण. खुशाल म्हण आम्ही. पण मग फक्त बाहेर पडताना नको म्हणूस. धूर केला तोही आम्हीच केला असं म्हण. एकदा म्हणून दाखव.”

“तू शिक्षिका आहेस ना, त्यामुळे तुला सगळ्यांकडून वदवून घ्यायची सवय आहे,” तो म्हणाला.

आईनं माझा हात झटकला. थेंब गालावर ओघळला. “आवं बास करा की,” ती म्हणाली. वैतागली की ती आम्हाला अहो-जाहो करते. “त्यो करार का फिरार, त्येच्यावर तुमी दोगांनी सही केली हुती व्हय? भांडताय कशापायी? आन तुज्या आण्णांचं कवतिक नगं सांगू मला. त्यांनी भोंगा वाजिवला तरी लोकं नदीत म्हशी धुवाय जायाचीच. घरी यिऊन डोस्कं धरून बसायचे. म्हणायचे, मी वाजवतुय, ऐकतंय कोण?”

भाऊ हसला. मीही हसले असते, पण मला आठवलं की वडील तरीही दुसऱ्या दिवशी कामावर जायचे. मी तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कोयनानगरला जाणार होतो. आईला डॉक्टरांनी घाटातला प्रवास नको सांगितला आणि मी म्हणाले, मला कॉलेज आहे. भाऊ एकटाच भाड्याची गाडी करून गेला. संध्याकाळी त्यानं आमच्या जुन्या क्वार्टरचा फोटो पाठवला. दाराला कुलूप, अंगणात गवत. खाली काही लिहिलं नव्हतं. मी फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, अंगणातला पेरू शोधला, आणि उत्तर पाठवलं नाही. तो गेला त्या दिवशी मी बस स्टँडपर्यंत त्याची बॅग धरून गेले. तो वाकून माझ्या पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला. तोंडानं काही नाही.

इकडं कॉलेजात प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. पाहुण्यांचा अवमान, कार्यक्रमाची शिस्त, संस्थेची प्रतिमा. मी दोन वाक्यं लिहून दिली. मी बोलले ते खरे होते. ते बोलण्याची ती जागा नव्हती, याबद्दल दिलगीर आहे.

प्राचार्यांनी कागद वाचला. “मॅडम, पहिलं वाक्य काढा. दुसरं पुरेसं आहे.”

“दुसरं काढते,” मी म्हणाले. “पहिलं राहू दे.”

ते चिडले. म्हणाले, “अहो, जगात कुठला देश कुठून बाहेर पडला याच्याशी आपल्याला काय करायचंय? आपण आपलं कॉलेज बघू.”

“बघू या की,” मी म्हणाले. “दारात पाटी आहे. तिच्या शेजारी पिंजरे आहेत. झाडं कुठं आहेत ते दाखवा मला. अमेरिकेनं निदान सांगून करार सोडला. आपण पाटी तशीच ठेवून सोडला.”

हे मी भावाच्या वेळी बोलायला हवं होतं, त्याच्या आधीही बोलायला हवं होतं. इतकी वर्षं त्या पिंजऱ्यांवरून चालत गेले आणि माझा सगळा राग एका भावासाठी राखून ठेवला. लांबच्यावर रागावणं सोपं असतं. जवळच्यांचा पगारपत्रकाशी संबंध असतो.

मला वादविवाद समितीतून काढून टाकलं. ते ठीक होतं. पिंजऱ्यांत पावसाळ्याच्या तोंडाला रोपं आली, कुणी आणली ते कळलं नाही. पाणी घालायला मी शिपाईमावशींबरोबर पाळी लावून घेतली. माझ्या पाळीतलं एक मेलं. ती मुलगी बारावीला गेली. समोरून आली की नमस्कार करते, थांबत नाही.

फेब्रुवारीनंतर भाऊ आईच्या फोनवर बोलायचा, दर रविवारी. आई स्पीकर लावायची, मुद्दाम. मी खोलीतच असायची आणि तिसऱ्याच माणसाविषयी चाललंय तसं ऐकायची. “ताई बरी आहे का?” “बरी हाय, हितंच बसलीया.” “सांग तिला विचारलं म्हणून.” “आयकतीया ती.” तिकडच्या उन्हाळ्यात त्याच्या भागात मोठा पूर आल्याची बातमी टीव्हीवर लागली. नदीनं माणसं नेली होती. मी हातातलं सोडून फोन उचलला, त्याचा नंबर काढला, आणि मग आईला दिला. “तू विचार,” म्हणाले. तो सुरक्षित होता, ती नदी त्याच्यापासून लांब होती. आईनं विचारलं, “आन मग आता काय म्हंतुयास?” तो म्हणाला, “काय म्हणू, आई.” ते ऐकून मला समाधान होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मेलेली माणसं माझ्या मुद्द्यासाठी मेली नव्हती.

त्या वर्षी मी राखी पाठवली नाही. तो अमेरिकेला गेल्यापासून पहिल्यांदा. ठरवून नाही पाठवली. पोस्टाच्या दारावरून दोनदा गेले आणि आत शिरले नाही. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आईचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. तो म्हणाला, “ताईला सांग, राखी मिळाली. बांधली. मुलीनं बांधून दिली.”

मी आईकडे पाहिलं. ती नव्या डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिनं शेजारच्या बाईला धरून पाकीट लिहून घेतलं होतं, पाठवणारीच्या जागी माझं नाव घालून. मला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी तोंड उघडलं. ती राखी माझी नाही, मी पाठवली नाही, मी अजून रागावलेले आहे, हे सगळं जिभेवर होतं. आईनं ओठांवर बोट ठेवलं नाही की डोळे वटारले नाहीत. फक्त फोन माझ्या पुढ्यात धरून उभी राहिली.

“हं,” मी म्हणाले. “मिळाली ना.”

“मिळाली,” तो म्हणाला. तिकडे त्याच्या मुलीचा आवाज येत होता, काहीतरी मागत होती. मी फोन आईच्या हातात दिला आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. जोरात, परातीचा आवाज बाहेर जाईल इतक्या जोरात.